मातीच्या व्यक्तिशिल्पावरून सिलिकॉनचा साचा: कुठून सुरू करायचं, किती सामान लागतं, कुठे बिघडतं

प्रश्न असा आहे: शाडूत साधारण ४० सेंटिमीटर उंचीचं व्यक्तिशिल्प तयार आहे, म्हणजे डोकं, मान आणि छातीचा थोडा भाग. त्याच्या चार प्रती प्लास्टरमध्ये आणि एक फायबरमध्ये, ब्राँझसारखी दिसणारी, काढायची आहे. साचाकाम कधी केलेलं नाही. सिलिकॉन किती घ्यायचं, कोणतं घ्यायचं आणि हे शिकायचं कसं?

सिलिकॉनच्या डब्याकडे वळण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी आणि नेमकी तीच बहुतेक जण शेवटी ठरवतात. साच्यात काय भरणार आहात आणि ते भरताना तुमचा हात आत कुठून जाणार आहे? साचा किती भागांचा करायचा हे मूर्तीच्या आकारावर जितकं ठरतं तितकंच यावर ठरतं. प्लास्टर पातळ असतं. ते आत घालून साचा फिरवला की सगळीकडे बसतं, हात आत घालावा लागत नाही. फायबरमध्ये मात्र काचतंतूचा कापड रेझिनने एकेक तुकडा चिकटवत, ब्रशने ठोकत बसवावा लागतो. या मापाच्या मूर्तीची मान आतून ११-१२ सेंटिमीटर रुंद भरते. तिथून ब्रश घालून कपाळापर्यंतचं काम आंधळेपणाने होतं, हवा अडकते आणि नाक पोकळ राहतं. म्हणून फायबरची प्रत हवी असेल तर साचा पुढचा आणि मागचा असा दोन भागांचा करा. प्लास्टरही त्यात चांगलं ओतता येतं. पुढचं सगळं या दोन भागांच्या साच्याबद्दल आहे. फक्त प्लास्टरच्याच प्रती हव्या असतील तर आणखी सोपा मार्ग आहे, तो शेवटाकडे दिला आहे.

आधी दोन छोटे साचे

थेट या मूर्तीवर हात घालू नका. शाडू मऊ असतो आणि साचा काढताना मूर्ती मोडतेच. म्हणजे संधी एकच आहे.

पहिला सराव म्हणून शाडूत १० बाय १० सेंटिमीटरचं उठावाचं काम करा, खोली दीडेक सेंटिमीटर. भोवती सनमायकाच्या पट्ट्यांची १२ बाय १२ची आणि ३ सेंटिमीटर उंच चौकट उभी करा, सांधे शाडूने बुजवा. चौकटीचं घनफळ ४३२ घनसेंटिमीटर. त्यातून उठावाचे साधारण १५० वजा केले की २८२ उरतात. सिलिकॉनची घनता १.२ धरली तर ३४० ग्रॅम लागेल. आकार वेडावाकडा आणि कडक असेल तर हिशेब करायचीही गरज नाही. चौकटीत मूर्तीभोवती तांदूळ भरा आणि ते मापाच्या भांड्यात ओतून बघा. जितके मिलिलिटर तांदूळ, तितकेच मिलिलिटर सिलिकॉन.

दुसऱ्या सरावाला पितळी निरांजन घ्या. वर वाटी, खाली बैठक आणि मध्ये बारीक दांडा. साचा सरळ निघणार नाही अशी, म्हणजे अंडरकटची, जागा दांड्यापाशी आपोआप मिळते. त्याचा दोन भागांचा साचा केलात की विभागणीची रेघ, दोन भाग नेमके जुळवणारे लॉक आणि दोन सिलिकॉन एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये द्यायचा विलग थर या तिन्ही गोष्टी हातात बसतात. हे दोन साचे नीट निघाले तर व्यक्तिशिल्पाला हात लावा. शक्य असेल तर पेण आणि हमरापूर भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत एखादा दिवस उभं राहून बघा. तिथे रबराचा साचा आणि त्याला बाहेरून आधार देणारं कवच कसं जोडतात, उघडतात, परत बसवतात हे डोळ्यांनी बघितलं की पुढचं अर्धं समजतं.

टिन की प्लॅटिनम

बाजारात साच्याचं दोन भागांचं सिलिकॉन दोन जातींचं मिळतं. पहिली टिन क्युअर. यात मूळ सिलिकॉनला वजनाच्या २ ते ५ टक्के हार्डनर लागतो. मिश्रण आवळताना, म्हणजे घट्ट होताना, त्यातून थोडं अल्कोहोल बाहेर पडतं, त्यामुळे साचा हळूहळू आक्रसतो, अर्ध्या ते एक टक्क्यापर्यंत. काही वर्षांनी तो कमकुवतही होतो. दुसरी प्लॅटिनम क्युअर. यात दोन भाग समान किंवा दहास एक असे मिसळतात. आक्रसणं जवळजवळ नाही आणि साचा खूप टिकतो, पण किंमत बरीच जास्त आणि स्वभाव नाजूक. गंधक, टिनचं संयुग, लॅटेक्सचे हातमोजे, काही थ्रीडी प्रिंटचं रेझिन यांपैकी कशाचाही स्पर्श झाला तर त्या जागी ते आवळतच नाही, चिकट शेंबडासारखं राहतं. तेलात कालवलेल्या काही शिल्पमातींत गंधक असतं. त्या मातीवर प्लॅटिनम घातलं तर सगळी मेहनत पुसून काढावी लागते.

तुमच्याकडे शाडू आहे आणि प्रती पाच आहेत. टिन क्युअर घ्या. चाळीस सेंटिमीटरमध्ये अर्धा टक्का म्हणजे दोन मिलिमीटर, व्यक्तिशिल्पात कोणाच्या लक्षातही येणार नाही. कडकपणा शोअर ए या रबराच्या मापावर २० ते २५. यापेक्षा मऊ घेतलंत तर कानापाशी फाटतं, जास्त कडक घेतलंत तर कानामागून निघताना प्रतीचा कान मोडतो. दुकानदाराकडे तांत्रिक पत्रक मागा आणि त्यावर फाटण्याचा जोर किती दिला आहे तो बघा. दोन मालांत निवड करायची असेल तर या आकड्यावर करा. डब्यावरची उत्पादनाची तारीखही बघा. हार्डनर ओलाव्याने खराब होतो, अर्धवट वापरलेली जुनी बाटली घेऊ नका.

टिन सिलिकॉनला आवळायला हवेतला थोडा ओलावा लागतो. कोकणात जुलैत ते झपाट्याने बसतं, विदर्भात मे महिन्याच्या कोरड्या हवेत रेंगाळतं. पत्रकात मिश्रण वापरायला ४० मिनिटं लिहिली असतील तर ती साधारण २५ अंशांची असतात. म्हणून त्याच दिवशी, त्याच खोलीत ५० ग्रॅमची चाचणी करून घड्याळ लावा. आवळत नाही म्हणून हार्डनर वाढवणं ही सर्वात महागडी चूक आहे. जास्त हार्डनरचा साचा लवकर बसतो खरा, पण ठिसूळ होतो आणि तिसऱ्या प्रतीला फाटतो.

किती लागेल

पेटी करून ओतायचा विचार डोक्यात असेल तर आधी हा हिशेब बघा. सरासरी घेर ६० सेंटिमीटर, उंची ४०, म्हणजे मूर्तीचं घनफळ साधारण साडेअकरा लिटर. भोवती २६ बाय २६ बाय ४२ची पेटी केली तर तिचं घनफळ २८ लिटरहून थोडं जास्त. मधल्या १७ लिटरला २० किलो सिलिकॉन. इतका जाड गोळा मूर्तीवरून सोलताही येत नाही.

त्याऐवजी ब्रशने थर द्यायचे. पृष्ठभाग ४० गुणिले ६० म्हणजे २४०० चौरस सेंटिमीटर. त्यात डोक्याचा माथा, कान, केसांच्या खाचा धरून ३२०० घ्या. सरासरी जाडी ६ मिलिमीटर. ३२०० गुणिले ०.६ गुणिले १.२, म्हणजे २.३ किलो. दोन भागांच्या सांध्यावरच्या कडांना आणखी अर्धा किलो. डब्याला, ब्रशला चिकटून आणि ओघळून जाणारं पंधरा-वीस टक्के. साडेतीन किलो घ्या, ३ टक्क्यांच्या मालाला १०५ ग्रॅम हार्डनर. थेंब मोजून किंवा झाकणाने हार्डनर घालू नका. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, ५०० ग्रॅमला नेमका १५ ग्रॅम हार्डनर पडला पाहिजे.

उभ्या पृष्ठभागावर सिलिकॉन ओघळतं, त्यासाठी ते घट्ट करणारा थिक्सो मिळतो. सिलिकॉन ज्या कंपनीचं असेल तिचाच घ्या. काही थेंबांतच मिश्रण लोण्यासारखं होतं. पहिल्या थराला तो अजिबात घालायचा नाही.

मूर्तीची तयारी आणि विभागणीची रेघ

शाडू ओला पण घट्ट हवा, चामड्यासारखा. तडे जाईपर्यंत वाट बघू नका. मूर्ती सनमायका लावलेल्या पाटावर घट्ट बसलेली हवी आणि आतला सांगाडा भक्कम हवा, कारण वर प्लास्टरचं दहा किलोचं कवच येणार आहे. लुळी मान त्या भाराने वाकते आणि पाचही प्रती वाकड्या निघतात. पृष्ठभागावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (शेलॅकचे) दोन अगदी पातळ हात द्या. जाड हात दिला तर त्वचेचा पोत बुजतो.

आता रेघ. पाटापासून खांद्यावरून, मानेच्या बाजूने, कानाच्या पाळीच्या कडेवरून, डोक्याच्या माथ्यावरून दुसऱ्या बाजूला. समोरून बघितल्यावर मूर्तीची जी बाह्यरेषा दिसते तिच्या जवळपास ती जाते. कान पुढच्या भागात ठेवायचा की मागच्या, हे त्याच्या मागची पोकळी बघून ठरवा. सिलिकॉन लवचिक असल्यामुळे थोडा अंडरकट चालतो. ही रेघ गालावरून किंवा ओठांच्या जवळून कधीही नेऊ नका. तिथला सांधा घासताना चेहराच बदलतो.

रेघेच्या मागच्या बाजूला शाडूच्या पट्ट्यांची भिंत उभारा, ५-६ सेंटिमीटर रुंद, १ सेंटिमीटर जाड, मागून शाडूच्या गोळ्यांचा टेकू. भिंत मूर्तीला काटकोनात भिडली पाहिजे आणि सांध्यात फट नको. फटीत शिरलेलं सिलिकॉन पुढे प्रतीवर जाड शिवण म्हणून दिसतं. भिंतीच्या पुढच्या तोंडावर मूर्तीपासून सेंटिमीटरभर अंतर ठेवून एक सलग खाच ओढा आणि दर ८-१० सेंटिमीटरवर दीड सेंटिमीटर व्यासाचा अर्धगोल खळगा करा. हेच पुढे लॉक होतात. शाडू अजून मऊ असेल तर भिंतीऐवजी पातळ पत्र्याच्या पट्ट्या रेघेवर सेंटिमीटरभर आत खोचत नेण्याची जुनी पद्धतही चालते, मात्र पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या हव्यात.

सिलिकॉनचे थर

डबा उघडल्यावर आधी तळापर्यंत ढवळा. साठवणीत जड घटक खाली बसलेला असतो. पहिल्या थराला ३०० ग्रॅम पुरे. हार्डनर घातल्यावर ३ मिनिटं, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत मिसळा, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा मिनिटभर मिसळा. दुसऱ्या भांड्याची ही सवय कंटाळवाणी वाटते, पण साच्यावर मध्येच दिसणारे चिकट डाग जवळजवळ नेहमी पहिल्या भांड्याच्या कडेला राहिलेल्या न मिसळलेल्या मालाचे असतात.

व्हॅक्युमची सोय असेल तर भांडं मालाच्या चार-पाच पट मोठं घ्या. माल फुगून वर येतो, मग एकदम कोसळतो, त्यानंतर एक-दोन मिनिटं ठेवून काढा. सोय नसेल तरी बिघडत नाही. थर पातळ असेल तर हवा आपणहून निघते. मऊ ब्रशने अर्धा मिलिमीटरचा थर द्या. नाकपुड्या, डोळ्यांचे कोपरे, ओठांची फट आणि कानाच्या आत ब्रशचं टोक फिरवत सिलिकॉन ढकला, वरून फासू नका. शेवटी तोंडाने हलके फुंकलं तर उरलेले बुडबुडे फुटतात.

बोट लावल्यावर ठसा उमटतो पण बोटाला काही येत नाही, त्या अवस्थेत दुसरा थर. पूर्ण वाळल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी दिला तरी ताजं सिलिकॉन सिलिकॉनला चिकटतं, मात्र मध्ये धूळ किंवा हाताचं तेल नको. दुसऱ्या थरात सिलिकॉनचा रंग थेंबभर घाला. कुठे लागला, कुठे राहिला हे लगेच दिसतं. तिसऱ्या आणि चौथ्या थरात थिक्सो. भिंतीवरही तेवढीच जाडी जाऊ द्या.

शेवटच्या थरात खरं काम आहे खड्डे बुजवायचं. कानामागची पोकळी, हनुवटीखालचा भाग, डोळ्यांच्या खोबणी हे सगळं घट्ट सिलिकॉनने भरून बाहेरचा आकार गोटीसारखा गुळगुळीत करा. वरचं कवच कडक असतं, ते सरळ ओढून निघालं पाहिजे. सिलिकॉन वाकेल, कवच वाकणार नाही. माथ्यावर आणि गालांवर सरावाच्या साच्याचे वर निमुळते कापलेले दोन-तीन तुकडे सिलिकॉननेच चिकटवा. ते नसतील तर साचा उलटा केल्यावर पातळ कातडी कवचापासून सुटून आत लोंबते आणि प्रतीचं कपाळ बसकं निघतं.

कवच

नवखा माणूस सिलिकॉनवर सगळं लक्ष देतो आणि कवच घाईत उरकतो. आकार सांभाळतं ते कवच. सिलिकॉन फक्त पृष्ठभाग लक्षात ठेवतं.

प्लास्टरचं कवच करायचं तर जाडी २ सेंटिमीटर, वजनाने १०० भाग पावडरला ६५ भाग पाणी. एकूण साडेसहा-सात किलो पावडर लागेल. पाण्यावर पावडर भुरभुरत टाका, वर कोरडी बेटं दिसू लागली की थांबा, मिनिटभर भिजू द्या, मग हळू ढवळा. पहिला थर ब्रशने, नंतर प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या किंवा गोणपाटाचे तुकडे. कडेला जास्त जाडी द्या. वजन नको असेल तर फायबरचं कवच करा: काचतंतूच्या मॅटचे (चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या) तीन थर, दीड किलो रेझिन, तयार कवच दोन किलोच्या आत. घरात पहिल्यांदा करणाऱ्याला मी प्लास्टर सांगेन.

पुढचं कवच बसलं की शाडूची भिंत काढा आणि सिलिकॉनची उघडी कड स्वच्छ करा. आता सगळ्यात नाजूक टप्पा. त्या कडेवर व्हॅसलिनचा पातळ पण सलग हात द्या, खळग्यांच्या उंचवट्यांवरही. एक बोटभर जागा सुटली तर मागचं सिलिकॉन तिथे पुढच्याला कायमचं जोडलं जातं, कापल्याशिवाय सुटत नाही. व्हॅसलिन मूर्तीवर येऊ देऊ नका, ब्रशच्या रेघा प्रतीवर उमटतात. मग मागच्या बाजूचे सगळे थर तसेच आणि मागचं कवच. दोन्ही कवचांच्या मध्ये साबणाचं दाट पाणी किंवा व्हॅसलिन. कवच उघडण्याआधीच कडांना ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी पाच-सहा भोकं पाडून घ्या. उघडल्यावर पाडलेली भोकं समोरासमोर येत नाहीत.

चोवीस तासांनी उघडा. लाकडी पाचरी हलक्या हाताने, सगळीकडून थोड्या थोड्या. आतला शाडू तुकड्यांनी निघेल. साचा पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, कोरडा करा आणि उघडाच दोन-तीन दिवस ठेवा. टिन सिलिकॉनमधलं अल्कोहोल उडून जायला हा वेळ लागतो. घाईत रेझिन घातलं तर ते साच्याला लागून चिकट राहतं.

प्लास्टरची प्रत

भरीव ओतलं तर १८ किलोची प्रत होईल आणि आवळताना बरीच तापेल. दोन सेंटिमीटर जाडीची पोकळ काढा. सिलिकॉनवर पाणी ठरत नाही, थेंब घसरतो, त्यामुळे प्लास्टर टाकताच पृष्ठभागावर हवेचे मणी बसतात. साच्यात आधी भांड्याच्या साबणाचं अगदी पातळ पाणी फवारा, साचलेलं पुसून घ्या. साचा बंद, बोल्ट आवळलेले, उलटा, छातीचं तोंड वर. पहिलं प्लास्टर पातळ, लिटरभर. सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं परत काढा, पुन्हा घाला. ते साईसारखं धरू लागलं की दुसरं, थोडं घट्ट. नंतर मानेच्या आतून काथ्या घाला, कारण मान हीच मोडण्याची जागा. तासाभरात सोडवता येईल. पण प्रत दोन-तीन आठवडे सावलीत वाळल्याशिवाय तिच्यावर रंग किंवा चपडा लावू नका.

फायबरची प्रत

हे काम उघड्या हवेत, सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज मास्क, गॉगल आणि नायट्राइल हातमोजे घालूनच. पॉलिएस्टर रेझिनला कोबाल्ट म्हणजे ॲक्सिलरेटर आणि एमईकेपी म्हणजे हार्डनर लागतो. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत कधीही थेट मिसळायचे नाहीत, स्फोट होतो किंवा आग लागते. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा आणि त्यानंतर एमईकेपी. दोन्हींना वेगवेगळी मापं, वेगवेगळी काडी, वेगवेगळं कपाट. बऱ्याच रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असतो, दुकानात विचारून घ्या. प्रमाण पत्रकाप्रमाणे, साधारण प्रत्येकी एक ते दीड टक्का. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धरून लगेच डॉक्टर.

दोन्ही भाग उघडे, आपापल्या कवचात बसवलेले. पहिला थर जेलकोटचा, म्हणजे प्रतीचा बाहेरचा पृष्ठभाग होणाऱ्या रेझिनचा, अर्धा मिलिमीटर. ब्राँझची झाक हवी तर ब्राँझ पावडर या थरातच, रेझिनच्या वजनाइतकी किंवा थोडी जास्त. पावडर कमी पडली तर पॉलिश केल्यावर धातू दिसत नाही, नुसता तपकिरी प्लास्टिकसारखा रंग राहतो. तो थर बोटाला चिकटतो पण उचलून येत नाही, तेव्हा नाक, ओठ, पापण्यांचे खळगे रेझिन, शंखजिऱ्याची पूड आणि तुकडे केलेल्या काचतंतूच्या लगद्याने भरा. मॅट अशा बारीक वळणांत बसत नाही, पूल बांधल्यासारखी वरून जाते आणि खाली हवा राहते. तसं झालं की महिन्याभरात नाकाचं टोक टिचकीसरशी फुटतं.

मग ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर. मॅट कात्रीने कापू नका, तळहाताएवढे तुकडे फाडा. फाटलेली कड शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते. मॅट सांध्याच्या कडेपासून ३-४ मिलिमीटर आत थांबवा. रेझिन चामड्यासारखं झालेलं असताना कडेबाहेर आलेलं सगळं धारदार सुरीने सपाट कापा. ही संधी दहाच मिनिटांची असते. ती चुकली तर दुसऱ्या दिवशी करवत आणि काचतंतूची धूळ. दोन्ही भाग बोल्टने जोडा आणि छातीच्या तोंडातून लांब ब्रशने सांध्यावर आतून लगदा व ५ सेंटिमीटर रुंद मॅटच्या पट्ट्या बसवा. इथे हात आंधळाच चालतो, पण फक्त रेघेवर, आणि तिथे पृष्ठभाग आधीच तयार आहे. सगळं मिळून किलोभर रेझिन लागतं. दुसऱ्या दिवशी उघडा, शिवण घासा, बारीक पोलादी लोकरीने ब्राँझ उघडं करा. रेझिनमधलं स्टायरीन सिलिकॉनला खातं, म्हणून प्लास्टरच्या चारही प्रती आधी आणि फायबर शेवटी.

पावसाळ्यात रेझिनऐवजी पॉलियुरेथेन ओतण्याचा मोह टाळा. ते हवेतला ओलावा ओढतं आणि आत फेस धरतं, मुंबईच्या जुलैत प्रत पावासारखी निघते.

चूक कुठे झाली ते प्रतीवर कसं वाचायचं

प्रतीवर गोळी आली तर हवा साच्यात होती: सिलिकॉनच्या पहिल्या थरात बुडबुडा राहिला. गोळी प्रत्येक प्रतीवर त्याच जागी येईल, तिथे घासून टाका. प्रतीवर खड्डा असेल तर हवा भरलेल्या मालात होती. तो एकाच प्रतीत असेल, पुढच्या वेळी साबणाचं पाणी किंवा पहिला थर नीट द्या. सांध्यावर पायरी पडली, म्हणजे चेहऱ्याचा एक भाग मागे सरकलेला दिसतो, तर सिलिकॉन कवचात पूर्ण बसलेलं नव्हतं किंवा कडेवर प्लास्टरचा कण होता. बोल्ट आवळण्याआधी कडा बोटाने तपासायची सवय लावा. सगळीच प्रत एका बाजूला झुकली असेल तर दोष कवचाचा, किंवा साचा घेतानाच मूर्ती वाकली होती.

पहिली प्लास्टरची प्रत विकण्या-देण्यासाठी नव्हे, मूळ प्रत म्हणून ठेवा. शाडू गेलेला असतो. तिच्यावरच्या गोळ्या घासा, खड्डे बुजवा, पापण्या परत धारदार करा. पुढे साचा फाटला तर याच प्रतीवरून दुसरा साचा घेता येईल. कडक प्लास्टर असल्यामुळे तो शाडूवरच्यापेक्षा निवांतपणे घेता येतो. प्लास्टर आधी चपड्याने बंद करून त्यावर मेणाचा पातळ हात द्यायला विसरू नका, नाहीतर सिलिकॉन त्याच्या छिद्रांत शिरून धरून बसतं.

फक्त प्लास्टर हवं असेल तर

भिंत न बांधता पूर्ण मूर्तीवर सलग कातडी द्या. मागे, मानेच्या तळापासून माथ्यापर्यंत, २ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर उंच सिलिकॉनची कणा-पट्टी उभारा. कवच पुढचं-मागचं असं दोन भागांचं. कवच काढल्यावर या पट्टीच्या मधून ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने नागमोडी काप द्या. सरळ काप परत जुळवताना सरकतो, नागमोडी आपोआप दातांसारखा बसतो. काप संपतो तिथे ३ मिलिमीटरचं गोल भोक पाडा, म्हणजे प्रत ओढून काढताना तो पुढे फाटत जात नाही. कवचातल्या खाचेत ही पट्टी घट्ट बसते आणि काप मिटून राहतो. चेहऱ्यावर शिवणच येत नाही, सिलिकॉनही अर्धा किलो कमी लागतं.

काम झाल्यावर उरलेलं सिलिकॉन हाताच्या ठशासाठी वगैरे वापरून बघावं असं कोणालाही वाटतं. तसं करू नका. टिन सिलिकॉन त्वचेवर लावायचं नसतं, आणि प्लास्टरच्या भांड्यात हात किंवा पाय तर कधीच घालू नका. ते आवळताना इतकं तापतं की जखमा खोलवर होतात.

साचा ठेवताना दोन्ही भाग कवचात बसवून, बोल्ट हलके लावून, आत प्लास्टरची एक प्रत ठेवून उन्हापासून लांब, सपाट जागी ठेवा. घडी पडून राहिलेलं सिलिकॉन तशाच आकारात अडकतं आणि मग ते कवचात परत बसत नाही. कवचावर तारीख, सिलिकॉनचा प्रकार आणि हार्डनरचं प्रमाण पेन्सिलीने लिहून ठेवा. दोन वर्षांनी आणखी एक प्रत काढायची वेळ आली तर साच्याची कड दोन बोटांनी ताणून बघा. ती ओढल्यावर परत येत असेल तर चालेल. चिरा दिसल्या किंवा बोटाला तेलकट लागलं, तर त्या साच्यात काही ओतू नका आणि मूळ प्रतीवरून नवा साचा घ्या.